जुन्या डिंगीचं बूड: लांबी (पुट्टी) भरून रंग मारू की मुळापासून काम काढू?

खारा_वारा
नमस्कार मंडळी,
काकांची जीपी१४ आता माझ्याकडे आली आहे. चौदा फुटी, फायबरग्लासची, दोन शिडांची. याच बोटीवर मी वयाच्या नवव्या वर्षी पहिल्यांदा सुकाणू धरलं, त्यामुळे तिला टाकून द्यायचा विचार मनात येतच नाही. पण गेली सात वर्षं ती उघड्यावर उताणी पडून होती. वरचं कापड फाटल्यापासून आत पाला, चिखल आणि पावसाचं पाणी साचत गेलं.

आता अवस्था सांगतो. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, दोनेक फुटांवर उजव्या कुशीला तळहाताएवढी जखम आहे. गेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, उडालाय, आतलं काचेचं कापड दिसतंय आणि मधोमध बोट जाईल एवढं भोक आहे. बुडाची मधली रेघ वाळूवर घासून घासून पार पातळ झाली आहे. डोलकाठीच्या पायाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत. आणि बोट जड वाटते, खूपच जड. पूर्वी चौघं सहज उचलायचो, आता सहा जण लागले.

प्रश्न एवढाच की पॉलिएस्टर लांबी भरून, घासून, रंग मारून भागेल का? मला शर्यती खेळायच्या नाहीत. मुलीला घेऊन शांत पाण्यात फिरायचंय.

कडक_ऊन
वाचतोय. माझ्याकडेही एक अशीच पडून आहे, उत्तरं मलाही हवी आहेत.

दोन_बोटी
खारा_वारा, लांबीचा डबा सध्या बाजूला ठेवा. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य भोकाबद्दलचं नाही, "सहा जण लागले" हे आहे. आधी वजन करा.

शिडं, डोलकाठी, सेंटरबोर्ड (बुडातून पाण्यात खाली सोडायची फळी), सुकाणू, दोऱ्या, सगळं उतरवा. दोन वजनकाटे घ्या, एक नाळेच्या बाजूला आणि एक मागे, दोन्हींवर लाकडाचा आडवा ठोकळा. बोट फक्त त्या दोन ठोकळ्यांवर टेकली पाहिजे, तिसरीकडे कुठेही नाही. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे बोटीचं वजन. जीपी१४च्या बुडाचं किमान वजन १३३ किलोच्या आसपास धरलेलं आहे. त्याच्या किती वर आहात ते कळलं की आत किती पाणी मुरलंय याचा अंदाज येईल. ओल्या बुडावर केलेलं कुठलंही काम टिकत नाही, मग ते कितीही महागड्या रेझिनचं (काचेच्या कापडात मुरून कडक होणाऱ्या द्रवाचं) असो.

निळीशार
दोन_बोटींना पूर्ण अनुमोदन. मी घाई केली होती. वरून कोरडं वाटलं म्हणून ठिगळ लावलं आणि पहिल्याच कडक उन्हात ते फुगून सुटलं. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ झाली. ठिगळाच्या मागची बाजू ओलसर आणि चिकट होती, आंबूस वास येत होता. त्या दिवशी मी रडले होते, खरंच सांगते.

ओल तपासायची साधी युक्ती: पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा त्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक दिवसाने आतून धुकं किंवा थेंब दिसले तर अजून वाळलेलं नाही.

रेझिनचे_हात
लांबी ही खड्डा भरायची वस्तू आहे, ताकद द्यायची नाही. भोकाच्या जागी ताकद येते ती काचेच्या कापडातून, म्हणून तिथे लांबी चालणारच नाही. खरचटलेल्या जागी, जिथे फक्त गेलकोट गेलाय, तिथे चालेल.

भोकाचं काम असं करतात. नाण्याने टकटक करत आवाज ऐका. "टण्" म्हणजे घट्ट, "थप्प" म्हणजे थर सुटलेत. खडूने ती हद्द आखा. दिसणाऱ्या जखमेपेक्षा ती जवळजवळ नेहमीच मोठी निघते. सुटलेलं सगळं कापून टाका, भोक मोठं झालं तर होऊ द्या. मग कडेने उतार द्यायचा, एकास बारा. तुमच्या बोटीचं कवच तिथे ४ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चारही बाजूंना ४८ मिलिमीटरपर्यंत हळूहळू उतरत जाणारी बशी घासायची. नवं कापड जुन्या कवचाला धरून राहतं ते या बशीच्या जोरावर. इथे कंजूषी केली तर ठिगळ म्हणजे नुसतं बूच.

आणखी एक, पुष्कळ जण क्रम उलटा करतात. अ‍ॅसिटोनने पुसायचं ते घासण्याच्या आधी. जुन्या बोटीवर मेण आणि तेल असतं. आधी घासलंत तर ते ओरखड्यांमध्ये रगडलं जातं आणि मग काही केल्या निघत नाही. स्वच्छ फडकं, एका दिशेने पुसणं, अ‍ॅसिटोन उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपणं. फडकी भरपूर ठेवा.

वल्ही_आणि_विचार
रेझिनचे_हात, प्रतिसाद जपून ठेवावा असा. पण रेझिन कुठलं? बोट पॉलिएस्टरची, मग दुरुस्तीही पॉलिएस्टरनेच करावी ना? वर गेलकोटही लावता येतो.

रेझिनचे_हात
माझं मत इपॉक्सी. कारखान्यात पॉलिएस्टरचे थर एकमेकांवर ओले असताना चढतात, म्हणून एकजीव होतात. वीस-तीस वर्षांच्या वाळलेल्या कवचावर नवं पॉलिएस्टर फक्त ओरखड्यांना धरून बसतं. इपॉक्सी मुळात चिकटवणारं द्रव्य आहे, जुन्या पृष्ठभागाला ते कितीतरी घट्ट धरतं.

भरती_ओहोटी
इथे मी असहमत. भोकाखालच्या फळ्या-पट्ट्या शाबूत असतील आणि एकास बाराचा उतार प्रामाणिकपणे दिला असेल तर पॉलिएस्टरचं ठिगळ वर्षानुवर्षं टिकतं. मी केलेली तीन ठिगळं आजही पाण्यात आहेत. आणि वर गेलकोट लावायचा असेल तर पॉलिएस्टर सरळ मार्ग आहे. इपॉक्सीवर गेलकोट चढवायचा तर इपॉक्सी पूर्ण मुरलेलं, धुतलेलं, घासलेलं हवं. नाहीतर गेलकोट चिकटच राहतो.

रेझिनचे_हात
मान्य. म्हणूनच मी इपॉक्सीवर गेलकोटच्या नादी लागत नाही, दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग मारतो. धुण्याचं मात्र विसरू नका. वाळल्यावर काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि खरबरीत स्पंजने निघतो, अ‍ॅसिटोनने नुसता पसरतो.

आणि इपॉक्सी वापरणार असाल तर सुट्या धाग्यांची चटई, म्हणजे चॉप्ड मॅट, घेऊ नका. तिचे धागे एकत्र धरणारा बंधक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं. मग चटई कडकच राहते, वळणावर बसत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

निशिगंध
ताकदीची चर्चा चालू आहे तोवर एक कळकळीची विनंती. हातमोजे घाला. पहिल्या दिवसापासून, प्रत्येक वेळी.

मी दोन वर्षं उघड्या हातांनी इपॉक्सी हाताळलं, काहीच झालं नाही. तिसऱ्या वर्षी मनगटावर पुरळ आलं, मग डोळे सुजले. आता डबा उघडला तरी अंगाला खाज सुटते. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही. मला आवडणारं काम कायमचं सुटलं. हाताला लागलं तर अ‍ॅसिटोनने पुसू नका, ते रेझिन कातडीत आणखी आत नेतं. कागदाने टिपा, मग साबण आणि पाणी.

पॉलिएस्टरवाल्यांनीही ऐका. त्याचा हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा द्रव, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा हवाच. आणि हार्डनर आणि कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर (कडक होण्याचा वेग वाढवणारा) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. काच घासताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे.

कडक_ऊन
निशिगंध ताई, वाचून वाईट वाटलं. आजच मोज्यांचा खोका मागवतो.

अबोली
थोडं अवांतर, पण माझी बोट लाकडी आहे. मिरर. दहा फूट दहा इंच, प्लायवूडची. सांध्यांवरची फायबरची पट्टी एका बाजूने सुटतेय आणि खालचं लाकूड काळं पडलंय. इथे विचारलं तर चालेल का?

सुताराची_नात
अबोली, चालेल काय, आनंदच आहे! मिरर १९६३ साली आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची रचना. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यावर काचेची पट्टी रेझिनने चिकटवायची. घरी बसून बोट बांधता यावी म्हणून काढलेली ही पद्धत, आणि अशा सत्तर हजारांवर बोटी बांधल्या गेल्या. गंमत म्हणजे खारा_वारा यांची जीपी१४ सुद्धा त्याच जॅक होल्टची, १९४९ची. म्हणजे तुमच्या दोन्ही बोटी बहिणी.

जुन्या मिररच्या पट्ट्या बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात आणि लाकडावर पॉलिएस्टर फार काळ धरत नाही. सुटलेली पट्टी गरम हवेच्या बंदुकीने हळूहळू तापवून सोलून काढा. मग काळ्या जागी टोच्या घ्या. घट्ट लागला तर तो नुसता डाग. लोण्यात गेल्यासारखा गेला तर लाकूड कुजलंय, ते कापायचं आणि चांगल्या लाकडापर्यंत पोचायचं. प्लायवूडच्या जोडाला एकास आठचा तिरपा सांधा देतात, ६ मिलिमीटरच्या फळीला ४८ मिलिमीटर. रंधा धारदार हवा. प्लायवूडचे थर उतारावर सरळ समांतर रेघांसारखे दिसू लागले की समजा उतार सारखा आलाय. रेघ कुठे वाकडी झाली तर तिथे खड्डा आहे.

आणि लक्षात ठेवा, लाकूड कुजवतं ते गोडं पाणी. समुद्राच्या पाण्यापेक्षा आत साचलेलं पावसाचं पाणी जास्त घातक. बोट पालथी ठेवा, आणि तरंगण्यासाठी असलेल्या हवेच्या टाक्यांची बुचं उघडी.

अबोली
खूप खूप आभार! टोच्या घेऊन बसते उद्याच.

जुना_खलाशी
पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. खारा_वारा, पाणी कुठून येतं हे तुम्ही गृहीत धरलंय. डोळ्यांना भोक दिसतं म्हणून दोष भोकाचा. माझ्या अनुभवात मध्यावर सेंटरबोर्ड असलेल्या जुन्या बोटीत निम्मी गळती सेंटरबोर्डच्या पेटीतून असते. बोट गाड्यावर ठेवा, खालून बूड कोरडं पुसा, सांध्यांवर खडूची भुकटी फासा. मग बोटीच्या आत चार-पाच बोटं पाणी ओता, त्यात थोडा रंग कालवून. जास्त नको, पाण्याचं वजन लिटरला किलो आणि खाली पाण्याचा आधार नाही. दिवा घेऊन खाली झोपा आणि बघत राहा. खडूवर पहिली ओली रेघ उमटेल तिथे गळती.

बंद टाक्यांना हवेची परीक्षा. बुचाच्या जागी नळी लावून तोंडाने हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी. पंप किंवा कॉम्प्रेसर लावू नका. एक पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड दाब) म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एक चौरस मीटरच्या पत्र्यावर तो जवळपास ७०० किलोचा दाब होतो. टाकीचे सांधे उकलतात.

दोन_बोटी
तोंडाने हवा भरायच्या सल्ल्याला +१. छातीत जोर असेल तेवढाच दाब पुरतो :)

वल्ही_आणि_विचार
आणि डोलकाठीच्या पायाशी असलेल्या चिरा राहिल्या ना?

रेझिनचे_हात
हो. एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटल्या असतील तर धक्का बसलाय किंवा तिथे भार एकवटतोय. समांतर असतील तर ती जागा वाकतेय. नुसत्या चिरा भरल्या तर त्या परत येणार, आधी वाकणं थांबवायचं. आतून त्या जागी दोन-तीन थर कापड चढवा, मग वरून चिरा इंग्रजी व्हीसारख्या उघडून भरा. कडेपासून कडेपर्यंत एकदम जाड थर देऊ नका, नव्या थराची कडही उतरती हवी. नाहीतर त्या कडेवरच पुढची चीर पडते.

खारा_वारा
मंडळी, अडीच महिन्यांनी परत येतोय. सगळ्यांचं ऐकलं.

वजन: पुढचा काटा ७१, मागचा ८६. एकूण १५७. म्हणजे २४ किलो जास्त. पुढच्या टाकीचं बूच गंजून बसलं होतं, ते कापून तपासणीचं झाकण बसवायला भोक पाडलं आणि आत हात घातला. आधीच्या कुणीतरी टाकीत फोमचे ठोकळे कोंबले होते. एक ठोकळा बाहेर काढून दाबला तर भिजलेल्या पावासारखं पाणी निथळलं. काळं, थंड. नऊ ठोकळे निघाले. शेवटच्या ठोकळ्याखाली काकांची हरवलेली पितळी शिट्टी सापडली, तिच्यासकट खाली बसलो थोडा वेळ.

पंखा लावून सहा आठवडे वाळवलं. वजन १४३वर आलं.

दोन_बोटी
सुंदर काम! राहिलेले दहा किलो पाणीच असतील असं नाही. जुन्या फायबरच्या बोटी हाताने, सैल मापाने बांधलेल्या असतात, शिवाय वर्षानुवर्षांचे रंगाचे थर. फिरायला १४३ अगदी छान.

खारा_वारा
मग जुना_खलाशी यांची खडूची परीक्षा. काका, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. भोक टाकीत उघडत होतं, त्यामुळे टाकी भरत होती हे खरं. पण बसायच्या भागात येणारं पाणी सेंटरबोर्ड ज्यावर फिरतो त्या खिळीच्या बोल्टमधून येत होतं. बोल्ट काढला तर गोल भोक अंड्यासारखं लांबट झालेलं. इतकी वर्षं बोर्ड वर-खाली करताना वाळूचे कण अडकून झिजलं असणार. पेटीच्या आतल्या भिंतीवरही बोर्डाच्या उंचीवर पन्हळीसारखी चर पडली होती, नखाने सहज लागत होती.

बोल्टचं भोक मोठं पाडलं, सिलिका कालवून घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं, वाळल्यावर नव्याने बोल्टच्या मापाचं भोक पाडलं, दोन्ही बाजूंना रबरी वायसर. चर कापड आणि इपॉक्सीने भरली.

भरती_ओहोटी
वा! आणि भोकाचं ठिगळ? शेवटी कुणाचं ऐकलंत?

खारा_वारा
इपॉक्सी. पण कापडाच्या क्रमात अडकलो. मोठा तुकडा आधी की छोटा?

रेझिनचे_हात
मोठा आधी. पहिला तुकडा सगळ्या बशीभर पसरतो आणि जुन्या कवचाला पूर्ण धरतो. मग छोटे-छोटे.

भरती_ओहोटी
मी छोटा आधी लावतो. वर मोठा तुकडा आला की सगळं झाकलं जातं.

रेझिनचे_हात
पण मग घासताना तोच मोठा तुकडा कडेला कापला जातो, आणि छोट्यांच्या कडांशी नुसतं रेझिन साचून राहतं.

खारा_वारा
मी मोठा आधी लावला, कारण तोवर रेझिन कालवून झालं होतं आणि विचार करायला वेळ नव्हता! त्यात एक चूक झाली. सगळं एकदम उंच भांड्यात कालवलं. बाविसेक अंशांच्या हवेत, जलद हार्डनर. आठव्या मिनिटाला भांडं हातात तापलं, दहाव्याला धूर. बाहेर रेतीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या वेळी थोडं-थोडं कालवलं आणि उथळ ताटलीत ओतलं, तेव्हा निवांत काम झालं.

बुडाच्या मधल्या रेघेवर तीन थरांची पट्टी चढवली, त्यावर पितळी अर्धगोल पट्टी. स्क्रूंची भोकं आधी इपॉक्सीने भरून मग पुन्हा पाडली, म्हणजे पाणी आत शिरू नये.

निशिगंध
मोजे?

खारा_वारा
ताई, प्रत्येक वेळी. मुलीलाही घातले. ती घासायला होती, ४००पासून १०००पर्यंतचे पॉलिश पेपर तिनेच पाण्यात भिजवून फिरवले.

काल पाण्यात उतरवली. वारा मंद, दीड तास फिरलो. मुलगी सुकाणूवर होती, मी पुढे बसून पेटीकडे बघत होतो. परत आल्यावर स्पंजने एकदा टिपण्याइतकं पाणी निघालं, तेही आमच्या पायांनी आणलेलं. टाकीचं झाकण उघडून हात फिरवला. कोरडी, धूळही तशीच.

एक नवीन प्रश्न मात्र आहे. सुकाणूच्या बिजागरीचे वरचे दोन स्क्रू हाताला सैल लागतात. पिळले तर फिरतच राहतात. मागच्या फळीत फायबरच्या आत लाकूड असावं असं वाटतंय. कसं तपासू?

सुताराची_नात
एक स्क्रू काढा आणि भोकात सुती काडी फिरवा. तपकिरी ओल आणि भुसा आला तर आतलं लाकूड गेलंय. कोरडी आली तर फक्त स्क्रूची जागा झिजलीय, तिथे बोल्टच्या भोकासारखीच युक्ती चालेल. काडी कशी आली ते इथे लिहा, तोवर तिला पाण्यात नेऊ नका. आणि बोट आज रात्री उताणी ठेवू नका हो.

खारा_वारा
पालथीच आहे. बुचं उघडी. काडी घेऊन जातोच आता.